पाच इंच

"इथं पाणी कुठवर चढतं ओ?"

पहिल्या गिऱ्हाइकानं फाटकातूनच विचारलं. अडत बाजारातले मोठे व्यापारी होते, नान्नजकर शेठ. अंगानं उंच आणि रुंद. आमच्या घराच्या नऊ पायऱ्या त्यांनी मान वर करून मोजल्या.

"पाणी?" नागनाथ म्हणाला. घरं दाखवायचं काम तो करायचा. "पाणी कसलं चढतंय शेठ? बार्शी हाय ही. इथं नळालासुद्धा चढत न्हाई."

"मग घर एवढं वर कशाला नेलंय?"

नागनाथनं माझ्याकडं बघितलं. मला त्यानं आधीच बजावून ठेवलं होतं, सर, तुम्ही फक्त नमस्कार करायचा, बोलायचं काम माझं. मी नमस्कार केलेला होता. पण शेठजी माझ्याचकडं बघत होते, आणि मला कुणी सरळ विचारलं की सुचत नाही.

"माझी चूक झाली," मी म्हणालो.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. गावातल्या वाचनालयात मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. तिथून निवृत्त होऊनही तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. घर मी त्याच्या कितीतरी आधी, ऐन चाळिशीत बांधलं आणि तेही पुस्तक वाचून. इंजिनिअरकडं जायचा मला संकोच वाटायचा. वाचनालयात घरबांधणीवर एकच पुस्तक होतं. ते मी तीनदा वाचलं, टिपणं काढली आणि महबूब मिस्त्रींना एकेक माप लिहून दिलं. घर पूर्ण झाल्यावर एका दुपारी सहज प्रस्तावना उघडली. लेखकाची सगळी नोकरी कोकणात झाली होती आणि पुस्तक त्यांनी अतिवृष्टीच्या प्रदेशासाठी लिहिलं होतं. तेव्हापासून मी कुठल्याही पुस्तकाची प्रस्तावना सोडलेली नाही.

त्यामुळं आमचं घर हे असं. नऊ पायऱ्यांचं जोतं. उतरतं छप्पर, आणि त्याच्या वळचणी इतक्या पुढं आलेल्या की दुपारी तीनला दिवा लावावा लागे. पन्हळ अशी मोठी, की चिमण्यांच्या कैक पिढ्या तीत वाढल्या आणि एकही कधी भिजली नाही.

शेठजी वर आले. दारातून आत शिरताना त्यांचं कपाळ चौकटीला लागलं. मग माजघराच्या दारात लागलं. तिसऱ्या दाराशी त्यांनी हात आधी पुढं केला.

"दारंबी ठेंगणी?"

"तीही माझीच चूक," मी म्हणालो.

"सर," नागनाथ दातओठ खात हळूच म्हणाला, "तुमची चूक न्हाई असं काय हाय का ओ ह्या घरात?"

"ओटा!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

आवाज माझ्या बायकोचा, सिंधूचा. ती बाहेर आली. सिंधूची उंची चार फूट नऊ इंच. ती दारातून ताठ मानेनं आली. आमच्या घरात ताठ मानेनं वावरणारी ती एकटीच.

"ओटा तेवढा ह्यांनी अगदी बरोबर केलाय," ती शेठजींना म्हणाली. "माझ्या मापाचा. लग्न झाल्यावर सात वर्षं मी मोठ्या दिरांच्या घरी पाटावर उभी राहून पोळ्या केल्या. आमच्या जाऊबाई उंच, ओटा त्यांच्या बेताचा. एकदा तर पाटासकट घसरले, कणकेची परात अंगावर. ह्यांनी ते बघितलं. बोलले काही नाहीत. घर बांधलं तेव्हा गुपचूप माझ्या उंचीचा ओटा करून टाकला. कुणी करतं का असं?"

"मी जरा टाकी बघून येतो," मी म्हणालो आणि मागच्या दारानं बाहेर पडलो.

टाकीत पाणी होतं तेवढंच होतं. शेठजी गेल्याचा आवाज आल्यावर मी आत आलो.

घर विकायचं कारण सिंधूचे गुडघे. त्या नऊ पायऱ्या तिला आता उतरवत नव्हत्या. गुढीपाडव्याला खाली गेली होती, ती वर येताना पाचव्या पायरीवर बसली आणि अर्धा तास बसूनच राहिली. त्यानंतर ती घराबाहेर पडली नाही. भाजीवाली आली की व्हरांड्यातून दोरीनं टोपली खाली सोडायची. भाजीवाली चेष्टा करायची, "काकू, गडावर शिबंदी किती उरली?" सिंधू हसायची. मला नाही हसू यायचं. त्या पायऱ्या मी बांधल्या होत्या.

तिची धाकटी बहीण शालू नव्या वसाहतीत राहायची. तिच्या शेजारचा तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता. दोघी बहिणींची दारं समोरासमोर आली असती, आणि मध्ये एकही पायरी नाही. बांधणाऱ्यानं आम्हाला दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती, त्यानंतर तो दुसऱ्याला देणार. पहिलं घर गेल्याशिवाय दुसरं घेणं आम्हाला शक्य नव्हतं. सिंधू मला एकदाही म्हणाली नाही की लवकर बघा. फक्त रोज संध्याकाळी शालूला फोन करायची आणि विचारायची, "त्या फ्लॅटला अजून कुलूपच आहे ना गं?"

आणि तेव्हा श्रावण चालू होता.

दुसरं गिऱ्हाईक होकायंत्र घेऊन आलं. पाटबंधारे खात्यातले गृहस्थ होते. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकेका दिशेला मान डोलावत होते. नागनाथच्या तोंडावर हळूहळू हसू येत होतं. मग त्यांनी भिंतींकडं बघितलं. प्रत्येक भिंतीत मी पुस्तकांसाठी फडताळं काढलेली, अगदी मोरीबाहेरच्या बोळातसुद्धा.

"कपड्याचं कपाट कुठं ठेवता?"

"पलंगाखाली ट्रंका आहेत," मी म्हणालो.

"हे बघा," होकायंत्र खिशात टाकत ते म्हणाले, "सरस्वती घरभर पसरलीय. लक्ष्मीला बसायला जागाच ठेवली नाही तुम्ही."

ते गेल्यावर नागनाथ पायरीवर बसला. "हे गिऱ्हाईक तुम्ही चूक झाली न म्हणताच गेलं, म्हणून ह्या वेळी माफ."

भाद्रपदात एक नवं जोडपं आलं. पोरगी चटपटीत होती. छप्पर बघून ती खूश झाली, म्हणाली हिल स्टेशनसारखं वाटतं. स्वयंपाकघरात गेली, ओट्यापाशी उभी राहिली, आणि भांडं घासल्यासारखं वाकून बघितलं.

"आई गं! ह्यानं तर माझी कंबर मोडेल."

"तो माझ्या मापाचा आहे," सिंधूनं सुरुवात केली. "लग्न झाल्यावर सात वर्षं..."

मी टाकी बघायला गेलो.

ह्या वेळी नागनाथ माझ्या मागोमाग आला. "सर, एक विचारू का? काकूंनी ओट्याचं काढलं की तुम्ही टाकीकडं का पळता?"

"पाणी बघायला."

"सकाळपासनं पाणी आलेलं न्हाई."

मी टाकीचं झाकण लावलं. त्यानं पुढं विचारलं नाही. म्हणाला, "त्यो ओटा काढून उंच बसवू या का? दोन दिवसांचं काम हाय. सगळ्या बायका तिथंच अडत्यात."

मी आत जाऊन सिंधूला विचारलं. सिंधू तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ओट्याला हात लावायचा नाही. घर विकलं नाही तरी चालेल."

दसऱ्याला आठ दिवस उरले तेव्हा नागनाथ शेवटचं गिऱ्हाईक घेऊन आला. "सर," तो फाटकाशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर हायेत, उकरंडे बाई. नवरा एसटी वर्कशॉपात. माणसं गरजू हायेत, क्वार्टर सोडायचंय. हात जोडतो, आज चूक झाली म्हणू नका."

मी कबूल केलं.

उकरंडे सहा फुटांवर उंच होते. सिस्टर त्यांच्या खांद्याच्याही खाली. दोघं पायऱ्या चढून आले. सिस्टरनी नऊ पायऱ्यांबद्दल काही विचारलंच नाही, म्हणाल्या, "दवाखान्यात दिवसातून वीसदा जिने चढते, ह्याचं काय." उकरंडेंचं कपाळ पहिल्या दारात लागलं, दुसऱ्या दारात लागलं. तिसऱ्या दारात ते वाकले, पण जरा लवकर सरळ झाले आणि डोक्याची मागची बाजू लागली.

"लई ठेंगणं हाय घर," डोकं चोळत ते म्हणाले.

सिस्टर उत्तर द्यायच्या जागी नव्हत्या. त्या स्वयंपाकघरात ओट्यासमोर उभ्या होत्या. दोन्ही तळहात त्यांनी कडाप्प्याच्या फरशीवर टेकवले होते. मग त्यांनी पोळी लाटल्यासारखे हात फिरवले, पुढं, मागं. परत एकदा.

"अहो, इकडं या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. आवाज वेगळाच येत होता. "माझे खांदे बघा. वर गेलेत का?"

"न्हाई."

"क्वार्टरमध्ये मी कशावर उभी राहते?"

उकरंडेंनी छताकडं बघितलं.

"सांगा की. काकूंना सांगा."

"पत्र्याच्या डब्यावर," उकरंडे म्हणाले.

"अकरा वर्षं. गोडेतेलाच्या डब्यावर. ह्यांना म्हणलं, काहीतरी करा, तर दुसरा डबा आणून दिला."

सिंधूचा चेहरा फुलला. मला कळलं आता काय येणार. तिनं चहाचं आधण ठेवलेलं होतं. त्याच्यापाशीच उभी राहून तिनं सगळं सांगितलं: जाऊबाई, पाट, कणकेची परात. मी दाराकडं सरकलो, पण दारात उकरंडे वाकून उभे होते. त्यांच्याखालून जाणं बरं दिसलं नसतं.

"बघा," सिस्टर नवऱ्याला म्हणाल्या. "ह्याला म्हणतात माणूस. न बोलता केलं. तुम्ही कधी बघितलंय तरी का, मी कशी उभी राहते?"

"आगं पर..."

"पर काय? काकांनी तोंडातनं अवाक्षर काढलं नाही. मापून ओटा केला बायकोसाठी. आणि तुम्ही डबा आणला."

उकरंडेंनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. त्यांच्या कपाळावर दोन टेंगळं आली होती, दोन्ही माझ्यामुळं. आणि आता तिसरं. एका सरळ माणसाला माझ्या ओट्यानं झोडपलं जात होतं. ह्यापुढं रोज स्वयंपाक करताना सिस्टर त्यांना ऐकवणार. त्यांना कधी टाकीकडं पळता येणार नाही, कारण टाकीकडं जायच्या दारातही डोकं लागतं.

"मला एक सांगायचंय," मी म्हणालो.

"सर, टाकी बघून या की!" नागनाथ ओरडलाच.

"हा ओटा मी हिच्यासाठी केलेला नाही."

स्वयंपाकघरात चहा उकळायचा आवाज येत होता.

"मी मिस्त्रींना बत्तीस इंचच लिहून दिला होता," मी म्हणालो. मी उकरंडेंकडं बघून बोलत होतो, कारण सिंधूकडं बघायची हिंमत नव्हती. "पण माप धरायला सांगितलं ते खालच्या कच्च्या जमिनीपासून. वर फरशी यायची होती ते माझ्या लक्षातच आलं नाही. मुरूम, मग चुन्याचा थर, मग शहाबादी. पाच इंच जमीन वर आली. म्हणून दारं ठेंगणी, खिडक्या ठेंगण्या आणि ओटाही ठेंगणा. सगळी एकच चूक आहे. पुस्तकात होतं ते. पण तळटीपेत होतं, बारीक टाइपात. परातीचं मला आठवतसुद्धा नव्हतं. वास्तुशांतीच्या दिवशी आमच्या वहिनी, ह्याच जाऊबाई, हसल्या, म्हणाल्या, हा ओटा आहे का रांगोळीचा पाट? तेव्हा ही सगळ्यांसमोर म्हणाली, की ह्यांनी माझ्यासाठी केलाय. माझ्या हातात मठ्ठ्याचा पेला होता. सगळे माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मठ्ठा प्यायलो."

नागनाथनं भिंतीला पाठ लावली. "संपलं," तो स्वतःशीच म्हणाला.

सिंधूनं गॅस बारीक केला. चहात दूध घातलं.

"साखर किती घेता?" तिनं सिस्टरना विचारलं.

"एक चमचा," सिस्टर म्हणाल्या. त्या माझ्याकडं आणि तिच्याकडं आळीपाळीनं बघत होत्या.

"मला माहीत आहे," सिंधू म्हणाली.

"काय माहीत आहे?" मी विचारलं.

"फरशीचं." ती कपात चहा गाळत होती. "फरशी बसली त्याच दिवशी महबूब मिस्त्री मला म्हणाले, बाई, साहेबांचं माप चुकलंय, फरशीनं पाच इंच गिळले. दारांचं आता काही होत नाही, पण ओट्याला दोन विटांचा थर देऊन उचलतो, साहेब यायच्या आत होऊन जाईल. मी म्हणलं, थांबा, आधी उभी राहून बघते. उभी राहिले. हात टेकवले." तिनं गाळणी खाली ठेवली. "मिस्त्रींना म्हणलं, राहू दे. आणि साहेबांना बोलू नका, ते जेवायचे नाहीत."

"आणि वास्तुशांतीला...?"

"वहिनी हसत होत्या की तुम्हाला. मग मी काय बघत बसू? त्यांना म्हणायचं, चुकलं ह्यांचं?"

"पण मग एवढी वर्षं मला तरी सांगायचंस."

"तुम्ही कधी सांगताय त्याची वाट बघत होते."

"चोवीस वर्षं?"

"तुम्हाला कुठल्या गोष्टीची घाई असते?" सिंधू म्हणाली आणि तिनं पहिला कप उकरंडेंच्या हातात दिला.

मला वाटलं, आता ही माणसं चहा संपवतील आणि जातील, आणि दसऱ्याला तो फ्लॅट दुसऱ्या कुणाचा होईल, आणि ह्या वेळी खरोखर माझ्यामुळं. मी जागच्या जागी उभा होतो. मग सिस्टर हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग कप खाली ठेवून. हसता हसता त्यांनी ओट्याला धरलं, आणि ओटा त्यांच्या बरोबर हाताशी होता.

"ऐकलं का," डोळे पुसत त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बायकोच्या सोयीची अशी एक चूकसुद्धा तुमच्या हातून झाली नाही आजवर!"

उकरंडेंनी चहाचा घोट घेतला. माझ्याकडं बघून, पहिल्यांदाच, ते हसले. मग नागनाथकडं वळले.

"चौकटी काढून उंच बसवता येतील का?"

"येतील की!" नागनाथ भिंतीपासून उसळलाच. "का न्हाई येणार? चार दिवसांचं काम."

"मग बसवा. मी वाकून राहीन तोवर." त्यांनी कप ओट्यावर ठेवला. "ओट्याला मात्र हात लावायचा न्हाई. न्हाईतर मला परत डबा आणायला लागंल."

पायऱ्या उतरताना नागनाथ मला म्हणाला, "सर, एवढी वर्षं धंदा करतोय, पण घरमालकानं स्वतःच्या घराची अब्रू काढून घर विकलेलं आजच बघितलं." मग थोडं थांबून म्हणाला, "आता दुसऱ्यांची घरं दाखवतानाबी तुम्हाला बरोबर नेऊ का?"

दसऱ्याला सिंधू त्या नऊ पायऱ्या शेवटच्या उतरली. एका बाजूला शालू, दुसऱ्या बाजूला मी. प्रत्येक पायरीवर थांबून. खाली पोचल्यावर तिनं वळून घराकडं बघितलं, आणि भाजीवाली रस्त्यातून ओरडली, "काकू, गड सोडला का?"

"सोडला बाई," सिंधू म्हणाली. "टोपली तेवढी घेतलीय बरोबर."

नव्या फ्लॅटमधला ओटा ग्रॅनाइटचा, चकचकीत, आणि सगळीकडं असतो तेवढा उंच. पहिल्या दिवशी सिंधू त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिचे खांदे कानांना लागले. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप सुताराकडं गेलो. आडजात लाकडाचा नको, सागाचा हवा, म्हणालो. ओट्याएवढा लांब, दोन हात रुंद, पाच इंच उंच पाट. म्हणजे घसरायची भीती नको. मापं तीनदा घेतली. फरशीवरूनच घेतली.

पाट आला. ओट्याशी लावला. सिंधू त्याच्यावर चढली, आणि तो डगडगला. एका बाजूची फरशी जरा खाली होती, ते मी मोजलं नव्हतं.

मी आतल्या खोलीत गेलो. पुस्तकांच्या पेट्या अजून तशाच होत्या. तिसऱ्या पेटीत ते सापडलं, घरबांधणीवरचं. वाचनालयातून जुनी पुस्तकं काढून टाकली तेव्हा मी ते मागून घेतलं होतं, का ते मलाही सांगता यायचं नाही. पुस्तक आडवं ठेवणाऱ्यावरसुद्धा मी तीस वर्षं चिडत आलो. ते पुस्तक मी पाटाच्या पायाखाली सरकवलं. बरोबर बसलं.

सिंधू परत चढली. उभी राहिली. हात टेकवले. पोळी लाटल्यासारखे फिरवले.

"बरा झालाय?" मी विचारलं.

"झालाय."

"एक बोटभर जास्त उंच वाटतो का? मला वाटतं, पुस्तकाची जाडी धरायची राहिली."

तिनं खाली वाकून पाटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"असू दे," ती म्हणाली. "कुणी विचारलं, तर काय सांगायचं ते मी बघते."

बाहेर दार वाजलं. शालू नवं स्वयंपाकघर बघायला आली होती, बरोबर वसाहतीतल्या दोन बायका. "अगंबाई," त्यातली एक दारातूनच म्हणाली, "हा एवढा मोठा पाट कुणी केला?"

"सांगते," सिंधू म्हणाली.

ह्या वसाहतीत पाण्याची टाकी गच्चीवर आहे आणि गच्चीची किल्ली वॉचमनकडं असते. त्यामुळं मी तिथंच उभा राहिलो.